खंडेराव मार्केट ते मांडवी : बडोद्याच्या बाजारातील एक दिवस

शहर ओळखण्याचे दोन मार्ग असतात. एक राजवाड्यापासून निघतो, दुसरा बाजारापासून. बडोद्यातील आम्हां जुन्या मराठी घरांना पहिल्या मार्गाची सवय अधिक. पाहुणा आला की त्याला लक्ष्मीविलास दाखवावा, कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे दाखवावीत, कमाटीबागेत फिरवून आणावे आणि गाडीत बसवून द्यावे, हा आमचा परिपाठ. बाजारात आम्ही कामापुरते जातो. पण एखादा दिवस काहीही विकत घ्यायचे नाही असे ठरवून खंडेराव मार्केटपासून मांडवीपर्यंत पायी, सावकाश, थांबत थांबत जावे. ‘आम्ही या शहराचे कोण?’ या प्रश्नाचे राजवाड्यापेक्षा वेगळे उत्तर ही वाट देते, असा आमचा अनुभव आहे.

सकाळ खंडेराव मार्केटची. ही देखणी इमारत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1906 साली बांधविली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. आज तिच्या दर्शनी भागात महानगरपालिकेचा कारभार चालतो आणि पाठीमागे भाजीबाजार भरतो. मेथीच्या जुड्या, सुरण, पापडी, ओली हळद यांच्या राशींमधून वाट काढताना कानांवर पडणारी भाषा ऐकण्यासारखी असते. मराठी आजी गुजरातीत भाव विचारते; विकणारी मावशी तिचे आडनाव ओळखून मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर देते; आणि घासाघीस अखेरीस अशा भाषेत मिटते की जिचे व्याकरण अद्याप कोणी लिहिलेले नाही.

तेथून दांडिया बाजार. नाव बाजाराचे असले तरी मराठी वस्तीची ही एक मुख्य पेठ. प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर याच भागात आहे. एका मराठी शिष्याने आपल्या मुसलमान गुरूचे नाव आखाड्याला द्यावे आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तेथे मल्लखांब करावा, ही गोष्ट या गल्ल्यांना कधी विशेष वाटली नाही. पुढे रावपुऱ्यात तांबेकर वाडा लागतो. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा हा चार मजली लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत आणि त्यांच्याच जोडीला गोऱ्या मडमाही आहेत. घर दक्षिणी, लाकूडकाम गुजराती आणि भिंतीवर साऱ्या जगाची वर्दळ. एकोणिसाव्या शतकातील बडोदे इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

दुपारी सुरसागराच्या काठाने न्यायमंदिराकडे वळावे. तलावासमोर संगीत महाविद्यालय आहे. 1886 साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या गायनशाळेचे हे वाढलेले रूप. आणि समोर न्यायमंदिर! या इमारतीची हकीकत आम्हांला फार बोलकी वाटते. ती उभारताना योजना बाजाराची होती. पुढे तिचा उपयोग न्यायालयासाठी करण्याचे ठरले, तिला दिवंगत महाराणी चिमणाबाई यांचे नाव मिळाले आणि 1896 साली व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. म्हणजे बाजारासाठी बांधलेल्या वास्तूत न्याय गेला आणि बाजार म्हणून बांधलेल्या खंडेराव मार्केटात नगराचा कारभार आला. या शहरात सरकार आणि बाजार यांनी एकमेकांची घरे अशी सहज अदलाबदल करून वापरली आहेत. 2018 साली न्यायालये नव्या संकुलात हलली आणि वकिलांच्या काळ्या कोटांची गर्दी येथून ओसरली. भोवतीचा मंगळबाजार मात्र पूर्वीसारखाच गजबजलेला आहे.

लहेरीपुरा दरवाजातून आत शिरले की जुने कोटातले शहर सुरू होते. त्याची आखणी सोपी आहे: चार दिशांना चार दरवाजे, पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट, चारांपासून निघालेले चार रस्ते, आणि ते मिळतात तेथे मधोमध मांडवी. ही रचना मराठ्यांची नव्हे, गुजरातच्या सुलतानांच्या काळातील आहे. 1734 साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले, तेव्हा ती तयारच होती आणि त्यांनी ती मोडली नाही. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. हा शब्द मुंबईलाही ठाऊक आहे आणि कच्छलाही. शहराच्या केंद्रस्थानी सिंहासन नसून जकातीचा मंडप असावा, यातच या गावाचा स्वभाव आला.

या मंडपाच्या आसपास पोळी आहेत, सोन्याचांदीच्या आणि साड्यांच्या पेढ्या आहेत. हरिभक्तींसारखे सावकार याच शहरातले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अरब शिबंदीचा थकलेला पगार चुकता करण्यास सरकारच्या खजिन्यात पैसा नव्हता. तो सावकारांनी पुरविला आणि त्या कर्जाला कंपनी सरकार जामीन राहिले. आमच्यातही गोपाळराव मैराळांसारखे सावकार होऊन गेले, पण ते अपवादच. आमचे बहुतेक पूर्वज शिलेदार, कारकून, शास्त्री, मास्तर. पगार वा वर्षासन घेणारे. राजा मराठी होता हे खरे, परंतु राज्य चालविण्यास लागणारा पैसा मांडवीच्या पेढ्यांतून येत होता, हेही तितकेच खरे. पुढे 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, तीही याच मांडवीत. पेढीच्या जागी बँक आली. शहराचा कणा तोच राहिला.

मांडवीजवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणून राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले, त्याचे हे मूळ ठाणे. पोलादी मांडण्या आणि प्रकाश खालपर्यंत झिरपू देणाऱ्या काचेच्या लाद्या आजही पाहण्याजोग्या आहेत. ग्रंथालय शांत उपवनात न नेता बाजाराच्या कुशीत ठेवले, म्हणून तागडी खाली ठेवून दुकानदाराला तेथे जाता आले. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांतून शेजारी शेजारी मांडले आहेत. बाजाराने तोंडी केलेले काम राज्याने तेथे छापून घेतले, असे म्हटले तरी चालेल.

सायंकाळी पाय दुखू लागले की शेव-उसळीच्या गाडीपाशी थांबावे. उसळ आमची, तिच्यावरची शेव त्यांची, सोबतचा पाव तिसऱ्याच कोणाचा; आणि तिखटपणा खास बडोद्याचा. अहमदाबादेस किंवा पुण्यास ती मिळत नाही असे नाही, पण तेथे ती पाहुणी असते.

1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 च्या मे महिन्यात गुजरात राज्य झाले. राजवाड्यावर आधारलेले आमचे नाते त्या दोन तारखांनी संपविले. ‘आम्ही राज्यकर्त्यांच्या बरोबर आलो’ हे उत्तर पुढच्या पिढीच्या उपयोगाचे उरले नाही. नातवंडे विचारतात, ‘आपण इथले की तिकडचे?’ मराठी साहित्य संमेलने येथे 1909, 1921, 1934 आणि 2018 साली भरली, हे त्यांना अभिमानाने सांगावेच; परंतु संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो. बाजारातील नाते मात्र उतरलेले नाही. वाण्याच्या खातेवहीत आमच्या पणज्यांची नावे होती, लग्नाचे शालू याच पेढ्यांवरून आले आणि महिनाअखेरीची उधारी विश्वासावर चालली. हे नाते कोणत्या सनदेने मिळाले नव्हते, म्हणून ते कोणत्या विलीनीकरणाने गेलेही नाही.

जाण्याचा धोका आहे तो निराळाच. जुनी घरे सोडून आमच्यापैकी पुष्कळजण अलकापुरी, कारेलीबाग, मांजलपुराकडे गेले. दांडिया बाजार-रावपुऱ्यातील कित्येक वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले उभी राहिली. वाडा पडतो तेव्हा त्याचा पत्ताही पडतो. मग तेथे कोण राहत होते आणि त्यांचे देणेघेणे कोणत्या पेढीशी होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. तांबेकर वाडा राखण्यास सरकार आहे. इतर वाड्यांची नोंद आपणच ठेवावयास हवी. वाचकांनी आपल्या घराण्याचा जुना पत्ता, पोळीचे वा गल्लीचे नाव, वाणी, सराफ आणि कापडवाला यांची नावे एका वहीत लिहून काढावीत. आणि एखाद्या रविवारी, वाहन घरी ठेवून, नातवंडांसह या वाटेने चालावे. वहीतील निम्मी दुकाने अजून उघडी सापडतील, आणि गल्ल्यावरचा मनुष्य आडनाव ऐकून आत बसायला बोलावील.