भोपळ्याचा केक : शेतापासून डब्यापर्यंत

आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. भोपळ्याचा केक आणि त्यावरचं क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग. निवृत्त फौजी माणसानं केकवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण सैन्य पोटावर चालतं, आणि शत्रूची रसद तोडणं ही युद्धातली फार जुनी रीत आहे. या केकच्या इतिहासात त्या रीतीचं एक मोठं प्रकरण आहे. त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही, म्हणून आज बोलू.

आधी पदार्थ समजून घ्या. अमेरिकेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरोघरी हा केक होतो. दोन कप मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा खायचा सोडा, दालचिनी, सुंठ, जायफळ आणि चिमूटभर लवंगपूड एकत्र चाळून घ्यायची. चार अंडी, दीड कप साखर आणि एक कप तेल फेटून त्यात सव्वाचारशे ग्रॅम भोपळ्याचा गर घालायचा. दोन्ही मिश्रणं हलक्या हातानं एकत्र करून १७५ अंशांवर अर्धा तास भाजायचं. केक पूर्ण गार झाल्यावरच फ्रॉस्टिंग लावायचं, नाहीतर ते वितळून ओघळतं. फ्रॉस्टिंगसाठी सव्वादोनशे ग्रॅम क्रीम चीज, त्याच्या निम्मं लोणी, दोन कप पिठीसाखर आणि थोडा व्हॅनिला. आपल्याकडच्या लाल भोपळ्याला पाणी फार सुटतं. म्हणून तो वाफवून, कुस्करून, तासभर फडक्यात बांधून टांगून ठेवावा. एवढी काळजी घेतली की केक छान होतो.

आता यातला एकेक जिन्नस कुठून आला ते पाहू.

भोपळ्यापासून सुरुवात करू. मेक्सिकोतल्या ओहाका भागात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे माणसानं लागवड केलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. अमेरिका खंडात मका आणि घेवड्याच्याही आधी भोपळा शेतात आला. पुढे हे पीक उत्तरेकडे सरकत गेलं. आजच्या न्यूयॉर्क राज्यात हौदेनोसौनी लोकांची वस्ती होती. फ्रेंच त्यांना इरोक्वॉय म्हणत. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ होता. त्यांच्या बायका मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावत आणि या पिकांना 'तीन बहिणी' म्हणत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण वाढत नाही. शेती, बियाणं आणि धान्याची कोठारं बायकांच्या ताब्यात असत.

१७७५ साली अमेरिकन वसाहती ब्रिटनविरुद्ध लढायला उभ्या राहिल्या. सहापैकी चार राष्ट्रं बहुतांशी ब्रिटिशांच्या बाजूला गेली. ओनायडा आणि टस्करोरांपैकी बरेच जण अमेरिकनांबरोबर राहिले. १७७८ मध्ये वायोमिंग खोऱ्यात आणि चेरी व्हॅलीत ब्रिटिशांच्या बाजूच्या तुकड्यांनी हल्ले केले. चेरी व्हॅलीत बायका-मुलंही मारली गेली. त्याला उत्तर म्हणून जनरल वॉशिंग्टननं ३१ मे १७७९ रोजी मेजर जनरल जॉन सलिव्हनला लेखी आज्ञा दिली. वस्त्या पूर्ण उद्ध्वस्त करा, शेतात उभी असलेली पिकं नष्ट करा आणि पुन्हा पेरणी होऊ देऊ नका, असा त्या आज्ञेचा आशय होता.

मी लष्करी माणूस आहे, म्हणून ही मोहीम कागदावर पाहिली की तिची आखणी लगेच डोळ्यांत भरते. सुमारे चार हजार सैनिक निघाले. एक फौज पेन्सिल्व्हेनियातून वर चढली, दुसरी जनरल क्लिंटनच्या हाताखाली उत्तरेकडून येऊन तिला मिळाली. २९ ऑगस्टला न्यूटाउनला एकच मोठी चकमक झाली. त्यानंतर महिनाभर सैन्याचं काम म्हणजे तोडणं आणि जाळणं. वेळही नेमकी निवडलेली होती. पीक तयार होत आलेलं, पण अजून कोठारात गेलेलं नव्हतं. सलिव्हननं आपल्या अहवालात चाळीस गावं आणि एक लाख साठ हजार बुशेल मका नष्ट केल्याचं कळवलं. सैनिकांच्या रोजनिशींत भोपळ्याच्या आणि घेवड्याच्या मोठमोठ्या शेतांचं कौतुक आढळतं. ज्यांनी कौतुक लिहिलं, त्यांनीच ती शेतं कापली. फळबागाही तोडल्या. जेनेसी नदीच्या खोऱ्यातलं सेनेकांचं मोठं गाव जाळून फौज परतली.

त्या वर्षीचा हिवाळा अतिशय कडक होता. हजारो लोक ब्रिटिशांच्या नायगारा किल्ल्याभोवती आसऱ्याला गेले आणि त्यातले कित्येक भुकेनं आणि थंडीनं मेले. १७९० मध्ये सेनेका नेता कॉर्नप्लांटर फिलाडेल्फियाला गेला. तेव्हा देशाची राजधानी तिथे होती. त्यानं राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला सांगितलं, की आमच्याकडे तुमचं नाव 'गावं उद्ध्वस्त करणारा' असं आहे. ते ऐकलं की आजही बायकांचे चेहरे पांढरे पडतात आणि मुलं आईच्या गळ्याला बिलगतात.

हे वाचताना मराठी माणसानं थोडं थांबावं. आपल्या इतिहासात दोन्ही बाजू आहेत. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला पत्र लिहून बजावलं होतं, की कुणब्यांच्या घरचा दाणा, गवत, भाजीपाला ओरबाडू नका, नाहीतर लोक म्हणतील याहून मोगल बरे. हेच मराठे १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या झेंड्याखाली बंगालवर वारंवार चालून गेले, तेव्हा 'बर्गी' हे नाव तिथल्या अंगाईगीतात भीती म्हणून शिरलं. कोलकात्यात किंवा कटकला राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते ठाऊक असेल. त्यामुळे कॉर्नप्लांटरचं बोलणं आपल्याला परकं वाटायला नको.

आता परत केककडे वळू. सलिव्हनच्या मोहिमेनंतर सतरा वर्षांनी, १७९६ मध्ये, हार्टफर्ड इथे अमिलिया सिमन्सचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन व्यक्तीनं लिहिलेलं, तिथेच छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानलं जातं. त्यात भोपळ्याचं पुडिंग आहे आणि पीठ फुलवण्यासाठी लाकडाच्या राखेपासून केलेला क्षार वापरलेला आहे. पुढच्याच वर्षी, १७९७ मध्ये, बिग ट्रीच्या करारानं सेनेकांची जेनेसी खोऱ्यातली बहुतेक जमीन गेली. त्याच खोऱ्यात १८१८ साली एबन हॉर्सफर्डचा जन्म झाला. त्याचे वडील सेनेकांमध्ये मिशनरी होते. हा हॉर्सफर्ड पुढे हार्वर्डला रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८५६ मध्ये त्यानं बेकिंग पावडरला लागणाऱ्या फॉस्फेटचं पेटंट घेतलं. यादवी युद्धाच्या काळात त्यानं सैनिकांच्या शिध्यावर एक पुस्तिकाही लिहिली.

भोपळ्याचा गर डब्यात भरण्याची कलाही लष्कराच्या गरजेतून आली. हवाबंद अन्न टिकवण्याच्या पद्धतीबद्दल फ्रेंच सरकारनं निकोला आपेर याला १८१० मध्ये १२,००० फ्रँक दिले. १८१३ च्या सुमारास लंडनमध्ये ब्रिटिश आरमारासाठी पत्र्याचे डबे तयार होऊ लागले. आज अमेरिकेतला डबाबंद भोपळा मुख्यतः इलिनॉय राज्यातून येतो. क्रीम चीज १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्सनं बनवायला घेतलं. १८८० मध्ये त्याला 'फिलाडेल्फिया' हे नाव मिळालं, कारण त्या शहराच्या दुधदुभत्याला बाजारात मान होता. चीजचा त्या शहराशी संबंध एवढाच.

म्हणजे या केकमधल्या चीजला व्यापारी नाव आहे, पावडरीला पेटंट आहे, डब्याला संशोधक आहे. भोपळ्याचं बियाणं पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठेच नाहीत. एवढंच नव्हे, तर त्यांची शेतं ठरवून नष्ट केली गेली आणि त्यांच्याच पिकाचा पदार्थ पुढे सणाचा, घरगुती, 'पारंपरिक' ठरला.

हाच भोपळा पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला आणि घारग्यांत, भाजीत असा मिसळला की तो परका आहे हे आपण विसरलो. त्यात वाईट काही नाही. पिकं अशीच फिरतात. पण लष्करात राहिलेल्या माणसाला एक हिशेब नेहमी करावा लागतो. मोहीम यशस्वी झाली, हे अहवालात लिहिलं जातं. त्या मोहिमेनंतरच्या हिवाळ्यात कोण उपाशी राहिलं, हे अहवालात येत नाही. ते शोधावं लागतं. केक जरूर करा, मुलांना खाऊ घाला, आणि खाताना त्यांना तीन बहिणींची आणि १७७९ च्या त्या पिकाचीही गोष्ट सांगा.