बोरीच्या पात्रातला निबंध

वैशाखात खानदेशातल्या अमळनेरच्या बोरी नदीत पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात. संत सखाराम महाराजांची यात्रा पात्रातच भरते. शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी, आणि एरवी उघडं पडलेलं पात्र पाळण्यांनी नि दुकानांनी भरून जातं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला शाळेत ‘नदीचे आत्मवृत्त’ लिहायला सांगितलं, की वहीत मात्र वेगळीच नदी उतरते. ती डोंगराच्या कुशीत जन्मते, खळाळत धावते आणि शेवटी सागराला मिळते. बोरी तर तापीला मिळते. मुलाला हे ठाऊक असतं, पण ते निबंधात लिहायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही गाठ कुठे पडली ते शोधायचं तर आधी शब्दाकडे जावं लागतं. ‘बंध्’ म्हणजे बांधणं आणि त्याला ‘नि’ लागून झालेला निबंध हा मुळात घट्ट बांधण्याचा शब्द आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो थेट बंधन या अर्थाने येतो: दैवी संपत्ती मोक्षाकडे नेते, आसुरी संपत्ती निबंधाकडे. पुढे धर्मशास्त्रात विखुरलेली वचनं विषयवार एकत्र बांधणाऱ्या ग्रंथांना निबंध म्हणू लागले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने रचलेला ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा असा निबंधग्रंथ. व्रतं, दानं, तीर्थं, श्राद्ध असे त्याचे विषय. लिहिणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्नच तिथे नव्हता. आधीच्यांनी काय सांगून ठेवलंय ते नीट लावून देणं, हेच निबंधकाराचं काम.

शब्दाला आजचा अर्थ पक्का चिकटला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांमुळे. 1874 मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं आणि सात वर्षांत 84 अंक जवळजवळ एकट्याने लिहून काढले. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवर होता. पुढे वाचन, इतिहास, वक्तृत्व, गर्व, लोकभ्रम, संपत्तीचा उपभोग असे विषय आले. जॉन्सन आणि मेकॉले या इंग्रज लेखकांचा संस्कार त्यांच्यावर होता. इंग्रजीत ज्याला ‘एसे’ म्हणतात, त्याचं मूळ फ्रेंच, आणि त्याचा अर्थ प्रयत्न, चाचपणी. त्या प्रकाराला मराठीत जे नाव मिळालं ते मात्र बांधण्याचं. चिपळूणकर स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि लिखाण तर त्यांचं कुणाच्याच बांधणीतलं नव्हतं. पण शाळांनी त्यांच्याकडून विषयांची नावं घेतली, स्वभाव घेतला नाही. ‘वाचन’चं ‘वाचनाचे महत्त्व’ झालं. मुलांनी पाठ करायच्या तयार निबंधांच्या पुस्तकांनाही ‘निबंधमाला’ म्हणायची रीत पडली. जो माणूस आपलं मत सांगण्यासाठी लिहीत राहिला, त्याच्या मासिकाचं नाव दुसऱ्याचं मत उतरवून घ्यायच्या पुस्तकांवर छापलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पुन्हा अमळनेर. 1916 मध्ये उद्योगपती प्रतापशेठ यांच्या आश्रयाने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. तिथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आलेला कोकणातला एक तरुण, पांडुरंग सदाशिव साने, 1924 मध्ये गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांची अंथरुणं आवरणारे, खोल्या झाडणारे साने गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी याच छात्रालयासाठी एक हस्तलिखित दैनिक चालवलं होतं, हे तितकं आठवणीत राहिलेलं नाही. त्याचं नाव ‘छात्रालय दैनिक’. पुढे 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं.

दैनिक! हा शब्द जरा थांबून पाहावा असा आहे. वर्गातल्या निबंधाला विषय वरून येतो, आणि लिहिलेलं तपासणाऱ्याच्या लाल शाईपाशी संपतं. छात्रालयाच्या भिंतीआड निघणाऱ्या दैनिकाला मात्र विषय रोज नवा लागतो आणि तो आसपासच सापडावा लागतो. वाचणारी मुलंही तीच, त्याच पंक्तीत जेवणारी. त्यांच्यासमोर ‘सागराला मिळणारी नदी’ चालत नाही. विषय लहान असला तरी चालेल, पण खरा असावा, हे वळण साने गुरुजींच्या हाताला इथेच लागलं असावं, असं मी मानतो.

कारण पुढे काय झालं ते पाहा. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, आणि ते उतरवून घेत होते साने गुरुजी. ‘निबंध’ म्हणजे बंधन असं सांगणारा सोळावा अध्यायही त्यांनी भिंतींच्या आत बसूनच टिपला. मग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक बव्हंशी लिहून काढलं. त्यातल्या प्रकरणांची नावं नुसती वाचली तरी पुरे: पत्रावळ, अळणी भाजी, मुकी फुले, श्यामचे पोहणे. कुठल्याही फळ्यावर लिहावेत असे हे विषय आहेत. ‘आईचे महत्त्व’ हा विषय त्यात नाही. भाजीत मीठ पडलं नव्हतं, एवढीच गोष्ट आहे, आणि त्यातून आख्खं घर दिसतं.

शाळा मात्र वर्गवारीकडे गेली. वर्णनात्मक, आत्मकथनात्मक, कल्पनाप्रधान, वैचारिक, प्रसंगचित्रण. परीक्षेला अशी चौकट लागते हे मला मान्य आहे. शिवाय ‘सूर्य उगवला नाही तर’सारख्या विषयावर मुलं कधीकधी थक्क करणारं लिहितात. माझी तक्रार चौकटीबद्दल नाही, ती भरायला कुठलं सामान योग्य समजलं जातं त्याबद्दल आहे. खानदेशातल्या कितीतरी मुलांची घरची बोली अहिराणी. शेताला ती वावर म्हणतात. वहीत ‘वावर’ आलं की त्याखाली रेघ ओढली जाते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घरच्या बोलीखाली रेघ ओढायला कुणी बसलं नाही. त्यांच्या गाण्यांचे विषय घरोटं म्हणजे जातं, विहीर, शेत, सुगरणीचा खोपा. 1952 मध्ये ती गाणी पुस्तकात आली. त्याच वर्षी अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ रचणारे कृ. पां. कुलकर्णी. जिथे ‘वावर’खाली रेघ ओढली जाते, त्याच बोरीकाठी शब्दांची कुळं शोधणारा माणूस आला होता.

अमळनेरच्या मुलाच्या वर्षातल्या दोन मोठ्या गोष्टी उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, गौराईची गाणी. दुसरी बोरीच्या पात्रातली यात्रा. जूनमध्ये शाळा उघडली की फळ्यावर जुना, सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा विषय येतो: ‘मी सुट्टी कशी घालवली’. मला तो सगळ्या विषयांत श्रीमंत वाटतो. त्याचं उत्तर कुठल्याच निबंधमालेत नाही. फक्त गुरुजींनी किंवा बाईंनी वर्गात एकदा विचारावं, की यंदा रथ ओढताना तू कुठे उभा होतास, आणि झोका कुठल्या झाडाला बांधला होता.