गांजा व अंडमोचन
गांजा, चरस व भांग ही कॅनाबिस सटिव्हा या वनस्पतीची मादक उत्पादने. त्यांतील प्रमुख मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हे राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्राएलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. टीएचसी मेंदूतील सीबी–१ ग्राहींना जोडले जाते. हे ग्राही अधोथॅलॅमसमध्येही असतात. तेथून ठरावीक अंतराने स्रवणाऱ्या जीएनआरएच संप्रेरकाला टीएचसीमुळे आळा बसतो. परिणामी पोष ग्रंथीतून येणारे पीतपिंडकारी संप्रेरक (एलएच) घटते. ऋतुचक्राच्या मध्यावर त्याची पातळी एकदम उसळली नाही, तर अंडाशयातील पुटक फुटत नाही व अंडमोचन लांबते किंवा चुकते.

ऱ्हीसस माकडिणींना टीएचसी नियमित टोचल्यावर त्यांची ऋतुचक्रे काही महिने बंद पडली. पुढे शरीर सरावल्यावर औषध चालू असतानाही ती पूर्ववत झाली, असे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. स्त्रियांमधील निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्रा, सेवनाचा काळ व तंबाखूची जोड यांमुळे ते बदलतात. अंडाशयातही सीबी–१ ग्राही असून शरीरात तयार होणारे आनंदामाइड त्यांवर कार्य करते. अंडमोचन अनियमित झाले तरी गर्भधारणा होऊ शकते. म्हणून गांजा हे गर्भनिरोधक नव्हे. गर्भारपणी व स्तनपानाच्या काळात त्याचे सेवन टाळावे, असा वैद्यकीय सल्ला आहे.