मुंबईची सुहैली आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन

कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस इंग्लंडचा, पण त्याची नौका मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा जन्म 1939 चा. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी असताना त्यांनी मुंबईत 32 फुटांची ‘सुहैली’ बांधून घेतली. सागवानाचा तिचा सांगाडा इथल्या सुतारांनी हाती वाकस घेऊन घडवला. पुढच्या विक्रमात या कारागिरांचा वाटा मोठा आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो.

1968 साली ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ वृत्तपत्राने एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. 14 जूनला नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाले. त्यांच्याकडे उपग्रहाधारित दिशादर्शन नव्हतेच. सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजून जागा ठरवावी लागे. वाटेत रेडिओ निकामी झाला, वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडले, तरी दक्षिणी महासागरातल्या लाटा सुहैलीने पेलल्या. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ते फालमथला परतले. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण केली ती त्यांनी एकट्यानेच. बक्षिसाचे 5,000 पौंड त्यांनी शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

1994 मध्ये न्यूझीलंडचे नाविक पीटर ब्लेक यांच्यासह त्यांनी 75 दिवसांहून कमी वेळात प्रदक्षिणा करून सर्वांत वेगवान जगप्रदक्षिणेचा ज्यूल व्हर्न करंडक मिळवला. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे, यांनाही नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन लाभले.