नदीपलीकडचा क्लब : फुट्सक्रे, फिट्झरॉय आणि तीन आठवड्यांची झुंज (थ्रेड)

१/ मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटले की आपल्याला बॉक्सिंग डे कसोटी आठवते. परंतु त्या शहराच्या लेखी हे मैदान सर्वाधिक पवित्र ठरते ते सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस, फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी. आजचा इतिहास या खेळातील दोन क्लबांचा आहे. १९८९ साली दोघांना एकत्र करून टाकण्याचा निर्णय झाला होता. त्यांतील एक वाचला. दुसऱ्याचे काय झाले, तेही पाहू.

२/ प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा फुटबॉल म्हणजे सॉकर नव्हे आणि रग्बीही नव्हे. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर तंदुरुस्त राहावे यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा. १८५९ च्या मे महिन्यात नियम लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेल्यास ‘बिहाइंड’, त्याचा १ गुण. म्हणून धावफलकावर ९.१० (६४) असा आकडा दिसला तर गोंधळू नये : ९ गोल, १० बिहाइंड, एकूण ६४.

३/ मेलबर्नच्या पश्चिमेस मॅरिबिरनाँग नदी ओलांडली की फुट्सक्रे लागते. दगडाच्या खाणी, चामड्याचे कारखाने, दारूगोळ्याचे कारखाने आणि त्यांत राबणाऱ्या कामगारांची वस्ती असे या उपनगराचे रूप होते. नदीच्या अलीकडचे प्रतिष्ठित शहर या वस्तीकडे नाक मुरडून पाहत असे. अशा वस्तीला अभिमानाने सांगावे असे जे थोडे होते, त्यांत तिचा फुटबॉल क्लब पहिला.

४/ १८९७ साली आठ बलाढ्य क्लबांनी जुन्या संघटनेतून फुटून ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’ ही नवी स्पर्धा सुरू केली. त्या आठांत फिट्झरॉय होता, फुट्सक्रे नव्हता. जुन्या संघटनेत राहून फुट्सक्रेने अजिंक्यपदे मिळवली, पण ‘खालच्या स्पर्धेतले विजेते’ हा शिक्का काही पुसला गेला नाही.

५/ तो पुसला गेला १९२४ साली. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी प्रख्यात गायिका नेली मेल्बा निधी उभारत होत्या. त्या निधीसाठी दोन्ही स्पर्धांच्या विजेत्यांमध्ये सामना ठरला. फुट्सक्रेने लीगच्या विजेत्या एसेंडनला ६४ विरुद्ध ३६ असे हरवले. एसेंडनचे काही खेळाडू लाच घेऊन खेळल्याची कुजबुज पुढे बराच काळ चालली. काही असो, १९२५ साली लीगचे दार उघडले आणि हॉथॉर्न व नॉर्थ मेलबर्न यांच्यासह फुट्सक्रे आत आला.

६/ आता फिट्झरॉयकडे वळू. हा क्लब १८८३ चा, लीगच्या पहिल्या काही दशकांतील दबदबा असलेला. त्याच्या नावावर आठ अजिंक्यपदे आहेत. त्यांतील १९१६ चे अजिंक्यपद हा या खेळाच्या इतिहासातला सर्वांत मजेशीर किस्सा मानावा लागेल. महायुद्धामुळे त्या वर्षी केवळ चारच क्लब खेळले. साखळीत फिट्झरॉय चौथा, म्हणजे शेवटचा आला. परंतु अंतिम फेऱ्यांत चारही संघांना प्रवेश होता. तेथे फिट्झरॉयने बाजी मारली. एकाच वर्षी तळाचा संघ आणि विजेता!

७/ फुट्सक्रेच्या वाट्याला मात्र वाटच पाहणे आले. लीगमधील पहिले अजिंक्यपद १९५४ साली मिळाले. चार्ली सटन हा कर्णधारही होता आणि प्रशिक्षकही. जॅक कॉलिन्सने ७ गोल केले. मेलबर्नचा पराभव १०२ विरुद्ध ५१ असा, म्हणजे नेमका दुप्पट गुणांनी झाला. त्या संघात टेड व्हिटन नावाचा तरुण होता. पुढे तो ३२१ सामने खेळला आणि साऱ्या राज्यात ‘मिस्टर फुटबॉल’ म्हणून ओळखला गेला. १९६१ साली त्याच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि हॉथॉर्नकडून हरला. पुढचा अंतिम सामना पाहायला ५५ वर्षे लागतील, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असणार!

८/ १९८० चे दशक उजाडले तेव्हा खेळाचे अर्थकारण बदलले होते. खेळाडूंचे मानधन वाढत होते, लहान क्लब कर्जात बुडत होते. १९८२ साली साउथ मेलबर्न हा जुना क्लब थेट सिडनीला हलवण्यात आला. १९८७ साली पर्थ आणि ब्रिस्बेन येथील नवे संघ स्पर्धेत आले. लीगला देशव्यापी व्हायचे होते आणि एका शहरातले इतके क्लब तिला आता जड वाटू लागले होते.

९/ १९८९ च्या ऑक्टोबरच्या प्रारंभी घोषणा झाली : फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांचे विलीनीकरण होणार, नवे नाव ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’. फुट्सक्रेचे टोपणनाव तेवढे शिल्लक राहणार होते, गावाचे नाव जाणार होते. सदस्यांना कोणी विचारलेच नव्हते. निर्णय बंद दाराआड झाला होता.

१०/ येथे या कथेतील खरा प्रश्न उभा राहतो : क्लब कोणाचा? कर्ज देणाऱ्याचा, लीगचा, की पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून वाऱ्यापावसात उभे राहणाऱ्यांचा? पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न राज्याच्या सुप्रीम कोर्टात नेला. दावा दाखल झाला तो क्लबच्या एका सामान्य चाहतीच्या नावाने. परिणामी सुमारे तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पैसा उभा करा, नाहीतर विलीनीकरण अटळ.

११/ मग सारे उपनगर रस्त्यावर आले. वेस्टर्न ओव्हल या घरच्या मैदानावर हजारो लोक जमले. बादल्या फिरल्या, घरोघर दारे ठोठावली गेली, मुलांनी खाऊचे पैसे दिले, पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांनी आपल्या परीने भर घातली. मुदतीत आवश्यक निधी जमला. विलीनीकरण रद्द झाले. गॉर्डन क्लबचा अध्यक्ष झाला. आणि पुढच्याच वर्षी, १९९० साली, टोनी लिबरेटोरे या फुट्सक्रेच्या ठेंगण्या खेळाडूने ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, पटकावला.

१२/ गोष्ट येथे संपवली तर ती सुखान्त होते, पण तो अर्धाच इतिहास ठरेल. कारण विलीनीकरण रद्द झाल्याने फिट्झरॉयचे कर्ज फिटले नव्हते. १९६६ च्या हंगामानंतर त्याने आपले ब्रन्सविक स्ट्रीटचे मैदान सोडले होते आणि तेव्हापासून तो इतरांच्या मैदानांवर भाडेकरूसारखा फिरत होता. १९९४ पासून त्याने आसरा घेतला तो फुट्सक्रेच्याच वेस्टर्न ओव्हलवर!

१३/ १९९६ साली फिट्झरॉयचा मोठा सावकार होता प्रशांत महासागरातील चिमुकल्या नाउरू देशाची विमा कंपनी. फॉस्फेटच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या या बेटावर ऑस्ट्रेलियन फुटबॉल अतिशय लोकप्रिय आहे. जूनच्या अखेरीस क्लबवर प्रशासक नेमला गेला आणि त्याचे ब्रिस्बेनच्या संघाशी विलीनीकरण झाले. १ सप्टेंबर १९९६ रोजी पर्थ येथे, घरापासून हजारो किलोमीटर दूर, फिट्झरॉय लीगमधील शेवटचा सामना खेळला आणि हरला. त्या हंगामात त्याने एकच सामना जिंकला होता, तोही फुट्सक्रेच्या मैदानावर.

१४/ फुट्सक्रेचे लोक अधिक निष्ठावान होते म्हणून त्यांचा क्लब वाचला, असे म्हणणे फिट्झरॉयवर अन्याय करणारे आहे. फिट्झरॉयच्या चाहत्यांनीही तेवढेच प्रेम केले, तेवढेच अश्रू ढाळले. फरक भूगोलाचा होता, असे मला वाटते. फुट्सक्रेपाशी स्वतःचे मैदान होते आणि त्याभोवती तीच वस्ती अजून राहत होती. बादली फिरवायला गल्ली लागते. फिट्झरॉयची गल्ली तीस वर्षांपूर्वीच त्याच्या हातून सुटली होती.

१५/ वाचलेल्यालाही किंमत मोजावी लागली. १९९५ साली कर्करोगाने दृष्टी गमावलेल्या व्हिटनला मोटारीतून मेलबर्न क्रिकेट ग्राउंडची अखेरची फेरी घडवण्यात आली. ऑगस्टमध्ये त्याचे निधन झाले आणि वेस्टर्न ओव्हलला त्याचे नाव देण्यात आले. १९९६ च्या अखेरीस क्लबने स्वतःच ‘फुट्सक्रे’ऐवजी ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव धारण केले. ज्या नावासाठी बादल्या फिरल्या, ते सात वर्षांत फलकावरून उतरले.

१६/ आणि २०१६. साखळीत सातवे स्थान, तरी सलग चार बाद सामने जिंकून अजिंक्यपद. सातव्या स्थानावरून असे कोणालाही पूर्वी जमले नव्हते. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होता सिडनी, म्हणजे १९८२ साली घर सोडावे लागलेला तोच साउथ मेलबर्न. ८९ विरुद्ध ६७. दुखापतीमुळे खेळू न शकलेला कर्णधार बॉब मर्फी व्यासपीठाखाली उभा होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला वर बोलावले आणि स्वतःचे पदक काढून त्याच्या गळ्यात घातले.

१७/ फिट्झरॉयचे काय? ब्रिस्बेन लायन्सने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. अनेक जुन्या चाहत्यांनी त्यांत आपला क्लब पाहिला, अनेकांना तो दिसलाच नाही. २००९ पासून मात्र फिट्झरॉयचे नाव हौशी स्पर्धेत पुन्हा खेळते आहे, तेही ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्याच जुन्या मैदानावर. तेथे कंत्राटे नाहीत आणि एक लाखाची गर्दीही नाही. आता तुम्हीच ठरवा : मूळ नाव गमावून अजिंक्य झालेला क्लब आणि स्पर्धा गमावून घरी परतलेला क्लब, यांतला ‘वाचला’ कोण?