खूण, दवंडी आणि नोंदवही

गाय हरवते म्हणजे नेमके काय होते? गाय कुठेतरी असतेच. ज्याच्या शेतात ती शिरली त्याला ती दिसतेही. तिचा मालक दोन कोसांवर तिला शोधत फिरत असतो. एकाला गाय कुठे आहे ते ठाऊक आहे, पण कोणाची ते ठाऊक नाही. दुसऱ्याला ती कोणाची ते ठाऊक आहे, पण कुठे आहे ते नाही. माहितीचे हे दोन तुकडे जोडता आले की गाय घरी येते. ते जोडण्यासाठी माणसाने काय काय केले याचा माग काढू लागलो तर आपण थेट पाणिनीपर्यंत जाऊन पोचतो.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत जनावरांच्या कानांवरील खुणांसंबंधी एक सूत्र आहे. खुणेचा शब्द ‘कर्ण’ या शब्दाला जोडला की त्याचा शेवटचा स्वर दीर्घ होतो. ज्याच्या कानावर विळ्याची, म्हणजे दात्राची खूण, तो दात्राकर्ण. पण अष्ट, पंच, मणी, छिद्र, स्वस्तिक अशा काही खुणांना हा नियम लागू नाही. तेथे अष्टकर्ण, स्वस्तिककर्ण असेच म्हणायचे. संस्कृत शिकवणाऱ्यांना हे सूत्र परिचित असेल. व्याकरणकाराला नियम आणि अपवाद दोन्ही नोंदवावे लागले, यावरून हे शब्द रोजच्या बोलण्यातले असणार हे उघड आहे. ‘काशिका’ या नंतरच्या वृत्तीत या खुणेचा हेतूही सांगितला आहे: जनावर कोणत्या मालकाचे आहे हे कळावे म्हणून ती करायची.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच्या पुढची पायरी दिसते. गोध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याने वासरू महिना दोन महिन्यांचे झाले की त्याला डाग द्यायचा, आणि केवळ डाग देऊन थांबायचे नाही. डाग, अंगावरची नैसर्गिक खूण, रंग आणि शिंगांची ठेवण यांची नोंदही करायची. हरवलेल्या जनावरांचा हिशेब वेगळा होता. चोराने नेलेले, दुसऱ्या कळपात मिसळलेले किंवा कुठे दडून राहिलेले जनावर ‘नष्ट’ या सदरात धरले जाई. चिखलात रुतून वा आजाराने मेलेल्यांचे सदर निराळे. म्हणजे ‘हरवले’ आणि ‘मेले’ यांतला फरक दप्तरात ठेवला जात होता. हरवलेले परत येऊ शकते, म्हणून त्याची नोंद खोडायची नाही.

डागाची एक अडचण मात्र उरते. ज्यांना तो वाचता येतो त्यांच्यापुरताच त्याचा उपयोग. चार गावे ओलांडून गेलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावरचा डाग तिथल्या लोकांना नुसता डागच दिसणार. तेव्हा खूण मालकाकडे नेता येत नसेल, तर बातमीच चारी दिशांना सोडायची. आपल्याकडच्या कोंडवाड्यात हेच होत असे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने त्याची रीत घालून दिली. पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालायचे. सात दिवसांत मालक आला नाही तर कोंडवाड्याच्या रखवालदाराने पोलीस ठाण्याला कळवायचे. ठाण्यातील अधिकाऱ्याने गुरांची संख्या, वर्णन, कुठे धरली आणि कुठे कोंडली हे लिहून कचेरीत ठळक जागी लावायचे आणि जिथे ती धरली त्या गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटवायची. त्यानंतरही सात दिवस कोणी आले नाही तर लिलाव. कोंडवाडा म्हटले की आपल्याला दंड आणि भांडणे आठवतात; पण कायद्याच्या भाषेत ते हरवलेल्या जनावरांचे माहिती केंद्रही होते. दवंडी गावात आणि बाजारात, दोन्हीकडे पिटायची हे कलम घालणाऱ्याला खेड्याची चांगली जाण असावी. गावात न पोचलेली बातमी बाजारात पोचते.

गाईबैलांना मोल होते म्हणून त्यांच्यासाठी कायदा झाला. कुत्र्यामांजरांची गोष्ट वेगळी होती. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात कुत्रा ही चोरी होण्याजोगी मालमत्ताच नव्हती. कुत्रा पळवणे हा किरकोळ अपराध. त्याच्या गळ्यातला पट्टा चोरणे हा मात्र मोठा. दुसऱ्या चार्ल्स राजाचा काळा कुत्रा १६६० मध्ये हरवला तेव्हा त्यालाही वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागली. तीत कुत्र्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा आणि आखूड शेपूट यांचे वर्णन होते. राजानेही कुत्रा पाळू नये की काय, असा त्रागाही होता! कौटिल्याच्या नोंदीतले रंग आणि खूण हे दोन रकाने इथे छापील दवंडीत आले, एवढेच.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्यांच्या टोळ्याच होत्या. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा फ्लश नावाचा कुत्रा तीनदा पळवला गेला आणि तिन्ही वेळा तिने पैसे भरून सोडवला. तिसऱ्यांदा १८४६ च्या सप्टेंबरात, रॉबर्ट ब्राउनिंगशी लग्न होण्याच्या थोडे आधी. त्याच्या आदल्याच वर्षी कुत्राचोरीविरुद्ध वेगळा कायदा झाला होता, पण चोरांना त्याची फारशी धास्ती नसावी. पुढे १८६० मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरता आसरा काढला. माणसांना आसरा नसताना कुत्र्यांना कसला, अशी वृत्तपत्रांनी टर उडवली. तो आसरा १८७१ मध्ये बॅटरसीला गेला आणि आजही तिथे चालू आहे. १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री धरण्याचा अधिकार दिला. तीन दिवसांत मालक आला नाही तर कुत्रा विकावा किंवा मारावा. पण गळ्यातील पट्ट्यावर पत्ता कोरलेला असेल तर त्या पत्त्यावर टपालाने पत्र पाठवावे. कुत्रा जगणार की मरणार हे पट्ट्यावरच्या एका ओळीवर येऊन ठेपले.

खूण नसली तर काय होते हे मुंबईने त्याआधीच पाहिले होते. १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या हुकुमाने मुंबईत भटकी कुत्री मारली जात होती. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनामापायी शिपाई घरांच्या आवारातली कुत्रीही सोडत नाहीत, अशी तक्रार झाली. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने ६ जून रोजी कोट भागात शिपायांना अडवले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पाडला आणि दंगल झाली. तिच्यामागे धर्मभावना होती, तसेच पाळीव आणि भटका यांत फरक न करणारी व्यवस्थाही होती. आठ आण्यांवर डोळा असलेल्या माणसाला असा फरक करण्यात काय स्वारस्य असणार? पुढे नगरपालिकांचे परवाने आणि गळ्यातले पत्र्याचे बिल्ले आले, ते या फरकासाठीच.

पण पट्टा तुटतो, बिल्ला गळून पडतो, चोर तर तो आधी काढून टाकतो. तेव्हा खूण कातडीखाली न्यावी ही कल्पना आली, आणि तीही पुन्हा गाईंपासूनच. अणुबाँब जिथे घडला त्याच लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्यासाठी गाईंची ओळख आणि तापमान दुरून वाचणारी एक चकती तयार करण्यात आली. तिच्यात विद्युतघट नव्हता. बाहेरून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच ती चाले आणि परत पाठवलेल्या लहरींत फेरफार करून उत्तर देई. परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती.

पुढे कमी वारंवारतेवर चालणारी, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नळी आली. ती सुमारे १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड असते आणि सुईने मानेजवळ कातडीखाली सोडतात. आत फेराइटच्या गाभ्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, एक धारित्र आणि एक चिप, बस्स. वाचक यंत्र बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यामुळे वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते आणि चिप जागी होऊन आपला क्रमांक सांगते. दहावीत आपण वेटोळ्याजवळ चुंबक हलवून गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवून दाखवतो, तेच फॅरडेचे १८३१ चे तत्त्व. वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. मुले लगेच विचारतात, ‘मग कुत्रा कुठे आहे ते कळते का?’ नाही. यंत्र काही सेंटिमीटरांवर आणले तरच ती बोलते. कुत्रा शोधणे माणसालाच करावे लागते. चिप फक्त ‘मी अमुक क्रमांक’ एवढेच सांगते.

१९९६ मध्ये या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. वारंवारता १३४.२ किलोहर्ट्झ, क्रमांक १५ अंकी, पहिले तीन अंक देशाचे किंवा उत्पादकाचे. भारताचा अंक ३५६. उरलेल्या बारा अंकांसाठी चिपमध्ये ३८ द्विमान स्थाने राखलेली असतात. दोनचा अडतिसावा घात किती ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर २७,४८७ कोटींहून अधिक येते. आकड्यांची टंचाई पडणार नाही. टंचाई पडली ती समजूतदारपणाची. अमेरिकेत आधीपासून १२५ किलोहर्ट्झच्या चिपा होत्या. २००४ च्या सुमारास तिथे नव्या मानकाच्या चिपा विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा अनेक निवाऱ्यांतील यंत्रांना त्या वाचताच येईनात. कुत्र्याच्या अंगात क्रमांक असूनही तो बेवारस ठरू शकत होता. कंपन्यांत खटले झाले आणि दोन्ही प्रकार वाचणारी यंत्रे पसरायला बरीच वर्षे गेली. चार गावांपलीकडच्या डागाची गोष्ट इथे नव्याने घडली.

चिपमुळे प्रत्यक्षात काय साधते? अमेरिकेतील ५३ निवाऱ्यांची माहिती घेऊन २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व मोकाट कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परतले होते. चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के. मांजरांमधील फरक थक्क करणारा आहे: एकूण मांजरांत २ टक्क्यांहूनही कमी, चिप असलेल्यांत ३८ टक्क्यांहून अधिक. अर्थात चिप बसवणारा मालक मुळातच काळजी घेणारा असतो, शोधही अधिक घेतो. सगळे श्रेय चिपला देता येणार नाही.

त्याच अभ्यासात चिप असूनही मालक का सापडला नाही, याची कारणे दिली आहेत. सर्वांत मोठे कारण म्हणजे दूरध्वनीचा क्रमांक चुकीचा किंवा बंद पडलेला. अशी जनावरे शंभरात पस्तीस होती. काहींची नोंद केलीच नव्हती. काहींची दुसऱ्याच कंपनीच्या नोंदवहीत होती, आणि निवाऱ्याने पाहिली ती वही वेगळी. इंग्लंडने एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची केली, तेव्हा नोंद अद्ययावत ठेवणेही मालकाचे कायदेशीर कर्तव्य केले, ते याच अनुभवातून.

आपल्याकडे गुरांच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसतो. पाणिनीच्या काळातील आठाची खूण जिथे असे, तीच ही जागा. आठवडी बाजारात बैल विकला की क्रमांक त्याच्या कानातून नव्या दावणीला जातो. नोंदीतले मालकाचे नाव मात्र कोणीतरी बदलून घ्यावे लागते.