चांपानेर आणि वसई

बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, पावागडाच्या पायथ्याशी, चांपानेरचे अवशेष रानात विखुरलेले आहेत. इ. स. १४८४ मध्ये महमूद बेगडाने गड जिंकून येथे राजधानी वसविली. १५३५ मध्ये हुमायूनने कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून गड सर केला. पुढे राजधानी अहमदाबादेस परतली आणि नगर ओस पडले. जामी मशिदीचे दोन उंच मिनार व कोरीव स्तंभ अद्याप अभंग आहेत. ती कोणी पाडली नाही. दरबार उठला, त्याबरोबर नमाजीही उठले. वर कालिकामातेच्या दर्शनास निघालेली यात्रेकरूंची रीघ मशिदीकडे क्वचितच वळते.

ह्या ओसाडीचा आपल्या ख्रिस्तसभेशी संबंध आहे, ह्याचे स्मरण सहसा होत नाही. हुमायूनच्या धास्तीनेच गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस तहाने दिली. ज्या संकटाने चांपानेर बुडाले, त्यातूनच वसईच्या किल्ल्यातील आपली भव्य चर्चे उभी राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन संघांच्या चर्चांचे आज छप्पररहित भग्नावशेष उरले आहेत.

मुलांना तेथे नेताना धर्मशिक्षक बहुधा गतवैभवाची हळहळ सांगतात. आम्हांस ते अपुरे वाटते. युरोपीय धर्मगुरू गेले, देशी धर्मगुरू राहिले. आणि किल्ल्याबाहेर पापडी, सांडोर, आगाशी येथील शेतकरी-कोळी भाविकांनी उपासना सोडली नाही. त्यांची धर्मग्रामे आजही नांदत आहेत.